डेन्मार्कची पाहुणी आणि आमचा संडास

मी दहा वर्षांची असताना आमच्या राजारामपुरीतल्या घरी एक डॅनिश बाई सहा आठवडे राहून गेल्या. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांना बरं इंग्रजी येत होतं आणि आमच्याकडे एक खोली रिकामी होती. एवढ्या दोन गोष्टींवरून शेतकी खात्याच्या एका साहेबांनी त्यांना गळ घातली. दुभत्या जनावरांचं शिक्षण द्यायला डेन्मार्कहून एक बाई येत आहेत, त्यांचं सरकारी घर अजून तयार नाही, तोवर त्यांना ठेवून घ्याल का, असं विचारलं. आबा तिथल्या तिथे हो म्हणून आले.

घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली तेव्हा आई पोहे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती जेवणाचं विचारणार. तिनं विचारलं, "अहो, पण त्या परसाकडे कुठं जाणार?"

आमचा संडास परसाच्या टोकाला होता. दोन पायऱ्या चढून वर जायचं, दोन दगडांवर पाय ठेवून बसायचं, आणि खाली दोन कड्यांचा एक पत्र्याचा डबा. मागच्या बोळात एक छोटं लाकडी दार होतं. रोज सकाळी एक बाई ते दार उघडून डबा ओढायची, मैला आपल्या टोपलीत ओतून घ्यायची आणि डोक्यावरून न्यायची. आम्ही तिला बघतच नव्हतो. आई तिचा पगार आणि सणाचं जेवण तिला बोळातच देत असे. त्यापलीकडे तिच्याबद्दल आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

आबांनी ऐकलं होतं की गोरे लोक खुर्चीवर बसल्यासारखं बसतात. म्हणून त्यांनी सुताराला बोलावलं. शाळेतून मोडीत काढलेली एक सागवानी खुर्ची त्याच्यापुढे ठेवली आणि बैठकीला मधोमध केवढं भोक पाडायचं ते हातानं दाखवलं. सुतारानं खुर्ची उलटी करून पाहिली. मग त्यानं घरात कोण आजारी आहे असं हळूच विचारलं. आबांनी सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "धडधाकट माणूस खुर्चीवर बसून करतंय? मास्तर, आसं उतरंल तरी कसं ओ?" आबा म्हणाले, तो त्यांचा प्रश्न, तू भोक पाड.

आमच्या घरात आबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, राहायची. ती लवकर विधवा झालेली, सोवळ्याची अतिशय कडक. स्वयंपाकघर तिचं राज्य होतं. त्या खुर्चीला तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. परदेशी बाईच्या येण्याला मात्र तिनं हरकत घेतली नाही, कारण पाहुणा आला की त्याला जेवायला घालायचं हेही तिच्या धर्मातच होतं.

पाहुणी आली ती टांग्यातून. सहा फुटांच्या जवळपास उंच, चाळिशीची, हातांची कातडी आमच्या गवळणीसारखी जाड. टांग्यातून स्वतःची ट्रंक तिनं स्वतःच उतरवली. टांगेवाला "ऱ्हावू दे की पावणं" म्हणेपर्यंत ती ओसरीवर पोचलीसुद्धा होती. आबांशी ती थोडंसं इंग्रजी बोलायची, आणि मराठी आमच्याकडून ऐकून ऐकून शिकायची. आम्ही आईला आई म्हणतो म्हणून तीही आईला "आई" म्हणायला लागली. आई तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान होती. पहिले दोन दिवस आई लाजली, मग तिनं ओ द्यायला सुरुवात केली.

तिची ट्रंक उघडली तेव्हा मी तिथे होते. कपडे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, जनावरांची औषधं, आणि एका बाजूला गुंडाळलेल्या तपकिरी कागदाच्या आठ-दहा सुरळ्या. मला वाटलं गणपतीच्या आराशीसाठी पताका करायचा कागद आहे. मी तिला खुणेनं मागितला. तिनं हसून एक सुरळी दिली. मी ती ओसरीवर नेऊन कात्रीनं त्रिकोण कापायला बसले. आबा शाळेतून आले, त्यांनी सुरळी पाहिली आणि चपला न काढताच ती माझ्या हातून घेतली. हा कागद कशासाठी आहे ते त्यांनी मला अगदी थोडक्यात सांगितलं.

मला ते खरं वाटेना. आमच्या घरी कागदाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा, कारण कागद म्हणजे सरस्वती. जुनं पंचांगसुद्धा रद्दीत जात नसे, नदीत सोडलं जाई. आत्यानं ऐकलं आणि ती डोक्याला हात लावून बसली. तिला पाण्याचा अभाव समजत होता, दुष्काळातून ती गेली होती. पण पाणी असताना कागद, हे तिच्या कल्पनेपलीकडचं होतं. ती आबांना म्हणाली, "अरे, त्यांच्याकडे पोरं शाळेत जातात ना? मग हे कसं चालतं?"

दुसऱ्या दिवशी आंघोळीचा प्रकार झाला. आईनं पहाटेच बंब पेटवून पाणी कढत केलं, न्हाणीघरात मोठं तांब्याचं घंगाळ भरलं, गार पाण्याचं विसण घातलं, तांब्या ठेवला, पाट ठेवला. पाहुणी आत गेली. थोड्या वेळानं आतून धातू दगडावर घासल्याचा आवाज आला, मग मोठा धप्पकन आवाज, आणि मोरीतून पाण्याचा लोंढा बाहेर आला. आई दाराशी धावली. आत काय झालं असावं याचा तिला अंदाज येईना. आतून पाहुणी हाक मारत होती, "आई, आई."

ती घंगाळात बसली होती. तिच्या देशात पाण्यात बसून आंघोळ करतात. त्यामुळे हे पाणी भरलेलं मोठं भांडं बसण्यासाठीच आहे असं तिनं धरलं. भांडं आपल्या मानानं लहान आहे हे तिच्या लक्षात आलं होतं, पण यजमानांकडे आहे तेच आपण वापरावं असा तिनं विचार केला. बसली आणि घंगाळ कलंडलं. तिला उठता येईना. आईनं डोळे मिटून आत हात घातला आणि तिला ओढून काढलं.

पाहुणी टॉवेल गुंडाळून हसत बाहेर आली. आईला आधी फार वाईट वाटलं, मग तिलाही हसू आवरेना. दुपारी तिनं पाहुणीला न्हाणीघरात नेलं. लुगड्यानिशीच पाटावर बसली आणि रिकामा तांब्या घेऊन खांद्यावर पाणी कसं घ्यायचं, पाठीवर कसं, पायावर शेवटी कसं, हे सगळं करून दाखवलं. पाहुणीनं ते गाईची तपासणी बघावी इतक्या लक्षपूर्वक बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज तशी आंघोळ करायला लागली, आणि रोज का करायची असा एक प्रश्नही तिनं विचारला. तिच्या घरी शनिवारी एकदा पाणी तापायचं. पहिल्यांदा वडील त्यात बसत, मग आई, मग मुलं, त्याच पाण्यात. आबांनी हे आम्हाला भाषांतर करून सांगितलं तेव्हा आत्यानं त्यांना पुन्हा एकदा विचारलं, त्याच पाण्यात ना? आबा म्हणाले, त्याच.

या भाषांतराच्या कामात आबांची फार पंचाईत होत असे. आईला इंग्रजी येत नव्हतं, पाहुणीला पुरेसं मराठी येत नव्हतं, आणि दोघींना एकमेकींना विचारायचं असे ते नेमकं आबांपुढे कधी बोललं न गेलेलं. एका संध्याकाळी पाहुणी खेड्यातल्या गोठ्यावरून आली. एका म्हशीचं अडलेलं रेडकू तिनं हात घालून काढलं होतं. कोपरापर्यंत शेण आणि रक्त. ती परसातल्या नळाच्या दगडावर बसून साबण लावून हात धूत होती. आई तांब्यानं पाणी घालत होती. अचानक आईनं मान वर केली आणि आबांना म्हणाली, "अहो, विचारा त्यांना, आत्ता हात कागदानं का नाही पुसले?"

आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. आईनं पुन्हा सांगितलं. आबांनी दुसरीकडे बघत ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणीचे हात थांबले. तिनं आईकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि ती दगडावर मागे रेलून एवढी हसली की शेजारच्या गच्चीवर बाया जमल्या. दुसऱ्या सकाळी तिनं आईकडे तांब्या मागितला. उरलेल्या सुरळ्या तिनं मला देऊन टाकल्या. आत्यानं मात्र त्यांच्या पताका गणपतीपुढे लावू दिल्या नाहीत.

खुर्चीही चार दिवसांत संडासातून बाहेर आली. ती पायाच्या दगडांवर डुगडुगायची आणि पाहुणीचं डोकं छपराला लागायचं. तिनं ती परसात आणून ठेवली आणि दगडांवर बसायला शिकली. गुडघे दुखतात म्हणाली, पण गाय पिळायला बसण्याची सवय कामाला आली. खुर्चीच्या भोकात आईची जाईची कुंडी बरोबर मावली.

इथपर्यंत सगळी मौज होती. चौथ्या आठवड्यात एके दिवशी पाहुणी नेहमीपेक्षा लवकर उठली आणि गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध कसं विकतात ते बघायला मागच्या बोळातून निघाली. तिथे तिला सफाईची बाई दिसली. टोपली डोक्यावर, पदराचं टोक दातांत धरलेलं. पाहुणी गंगावेशीला गेली नाही. परत आली आणि ओसरीवर बसून राहिली.

चहाच्या वेळी तिनं आबांना विचारलं, ही बाई कोण? आबांनी सांगितलं. मग ती म्हणाली, लहानपणी आमच्याही शेतावर डब्याचाच संडास होता. अजूनही बऱ्याच शेतांवर आहे. आबांना बरं वाटलं. ते म्हणाले, म्हणजे तुमच्याकडेही असा माणूस येत असणार.

"नाही," ती म्हणाली. "माझे वडील उचलायचे. त्यांच्यानंतर माझा भाऊ. आमचाच होता ना तो."

आबांनी हे आईला भाषांतर करून सांगितलं नाही. पण मी शाळेत थोडं इंग्रजी शिकत होते, आणि एवढं मला कळलं. आबा शाळेत जंतूंवर धडा घ्यायचे, सूक्ष्मदर्शकातून मुलांना गढूळ पाण्याचा थेंब दाखवायचे. रोज बोळातून जाणारी टोपली त्या धड्यात कुठंच नव्हती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सफाईची बाई यायची थांबली. तिची मुलगी जयसिंगपूरला बाळंतपणात अडली म्हणून ती तिकडे धावली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आबा नगरपालिकेत जाऊन आले, उद्या कुणालातरी पाठवतो असं उत्तर मिळालं. घरात पाच माणसं. आई नाकाला पदर लावून म्हणाली, थोडं थांबू, येईल कुणीतरी.

तिसऱ्या सकाळी मी राखुंडीनं दात घासत परसात उभी होते. पाहुणी रबरी बूट घालून मागच्या बोळात गेली. लाकडी दार उघडल्याचा आवाज आला. तिनं डबा ओढून काढला, चुलीतली राख त्यावर पसरली, आणि एका कडीला धरून तो परसातून ओढत केळींच्या दिशेनं न्यायला लागली. डबा जड होता. ती दोन पावलं ओढायची आणि थांबायची.

आबा माझ्या शेजारीच उभे होते. तेही दात घासत होते, तोंड राखुंडीनं काळं झालेलं. स्वयंपाकघराचं दार आतून धाडकन लागलं, आत्यानं बघितलं होतं. आबा नळावर गेले, चूळ भरली, आणि धोतर वर खोचत मला म्हणाले, "फावडं आण."

मी फावडं आणेपर्यंत त्यांनी दुसरी कडी धरली होती. दोघांनी तो डबा उचलून केळींपाशी नेला. आबांनी खड्डा खणला, पाहुणीनं डबा रिकामा केला, वर माती लोटली. शेजारचे वकील भिंतीवरून डोकावले आणि मास्तर, काय चाललंय म्हणून विचारलं. आबा म्हणाले, केळींना खत घालतोय. आबांचा चेहरा लाल झाला होता. ते घाबरले होते की शरमले होते, मला तेव्हा समजलं नाही. मोठेपणी मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, डबा हातात घेईपर्यंत फार कठीण वाटलं, घेतल्यावर नुसतंच जड वाटलं.

आत्यानं आबांना दोनदा आंघोळ करायला लावली. तरी तीन दिवस त्यांचं जेवण ओसरीवरच वाढलं, केळीच्या पानावर. पाहुणीही आपलं ताट घेऊन त्यांच्याबरोबर ओसरीवर जेवायला बसायची. पहिल्या दिवशी आईनं आत-बाहेर चार फेऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं पान घेऊन ओसरीवर आली, आणि तिच्यामागून मी. आत आत्या एकटीच जेवत होती. चौथ्या दिवशी तिनं सगळ्यांची पानं आत मांडली आणि आबांना आमटी जास्त वाढली.

त्याच आठवड्यात आबा आणि पाहुणी मिळून परसाच्या कोपऱ्यात खोल खड्डा खणायला लागले. खालचा मुरूम गड्यानं खणला, बाकीचं त्यांनी. वर भोकाची शहाबादी फरशी, तिच्यावर झाकण, आजूबाजूला कुडाच्या भिंती. सुतारानं झाकण करून दिलं आणि या वेळी काही विचारलं नाही. मागच्या बोळातलं लाकडी दार काढून तिथे विटा लावल्या. आबा इतके खूश होते की संध्याकाळी वकिलांना बोलावून त्यांनी सगळं दाखवलं.

चार-पाच दिवसांनी सफाईची बाई परत आली. बोळात दार नाही म्हणून वळसा घालून पुढच्या फाटकापाशी आली आणि बाहेरच उभी राहिली. मुलगी सुखरूप होती, नातू झाला होता. आईनं विचारपूस केली. मग आबांनी उत्साहानं तिला सांगितलं की आता तुला आमच्याकडचा मैला उचलावा लागणार नाही, डोक्यावरून न्यावा लागणार नाही.

तिनं ऐकून घेतलं. "ब्येस झालं, मास्तर," ती म्हणाली. "पर आता मी काय करू?"

याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. आबांनी नव्हता, पाहुणीनंही नव्हता. बाई काय म्हणते ते आबांनी पाहुणीला सांगितलं तेव्हा तिची मान खाली गेली. आई म्हणाली, तोवर तू परस झाडायला येत जा. ती यायला लागली, फाटकातून. एवढ्यानं तिचं भागणार नव्हतं हे आईलाही समजत होतं.

पाहुणीच्या देखरेखीखाली शहराबाहेर जनावरांचा एक मोठा गोठा उभा राहत होता. तिथे माणसं घ्यायची होती. तिनं या बाईचं नाव घातलं. गोठ्यावरच्या इतर गड्यांनी आधी कुरकुर केली. पाहुणीनं त्यांच्याशी आपल्या मोडक्या मराठीत दोन दिवस वाद घातला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः त्या बाईबरोबर शेण काढायला उतरली. आबा त्या बाईला विचारायला गेले होते की हे काम चालेल का, तेही उचलायचंच काम आहे. ती आबांकडे बघून हसली. म्हणाली, "मास्तर, श्याण तर समदीच उचलत्यात की. ते उचलाय काय लाज हाय?"

पाहुणीचं सरकारी घर तयार झालं आणि ती तिकडे गेली. निघताना तिनं आत्याला वाकून नमस्कार केला. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग आंघोळीला गेली. दोन वर्षांनी पाहुणी आपल्या देशी परतली. तिची पत्रं नाताळच्या सुमारास येत, आबा ती मोठ्यानं वाचून दाखवत. आमचा खड्डा भरल्यावर शेजारी दुसरा खणला. वकिलांनीही आपल्याकडे तसा करून घेतला. पण त्यांनी तो गड्याकडूनच करवला आणि झाकण मात्र आमच्यापेक्षा भारी केलं.

सफाईची बाई गोठ्यावर कायम झाली. पहिल्या वर्षी तिथली एक म्हैस व्याली तेव्हा गड्यांमध्ये चीक वाटून दिला. तिनं आपल्या वाटणीतला थोडा पितळी तांब्यातून आमच्याकडे आणला आणि फाटकाच्या आत येऊन ओसरीच्या पायरीवर ठेवला. आईनं त्याचा वेलदोडे घालून खरवस केला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला, आबांनी दोनदा मागून घेतला. आत्यानं त्या वर्षी खाल्ला नाही, पोट बरं नाही म्हणाली. पुढच्या वर्षी बाईनं पुन्हा चीक आणला, आणि त्या वेळी आत्यानं एक वडी घेतली, खाल्ली, आणि आईला म्हणाली की गूळ थोडा कमी पडलाय.